सोनेरी आहे, सोन्याचं नाही

लग्नाच्या मानपानात नवऱ्या मुलाला अंगठीबरोबर घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. एके काळी ते घड्याळ एचएमटीचं असे, पुढे टायटनचं आलं. आज बार्शीच्या बाजारपेठेत फिरताना कॉलेजच्या मुलामुलींच्या हातात एक तिसराच प्रकार दिसतो: चौकोनी, सोनेरी चेनचं, काट्यांऐवजी आकडे दाखवणारं घड्याळ. त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणी असंच घड्याळ ‘दुबईहून आणलंय’ म्हणून मिरवलं जायचं.

वेळ तर खिशातला मोबाइलही दाखवतो. तेव्हा हे घड्याळ घ्यायचं ते हौस म्हणून, हे उघड आहे. पण हौसेलाही दोन ते पाच हजार रुपये लागतात, आणि दुकानात एकसारखी चमकणारी दहा घड्याळं समोर मांडली की कोणतं उचलावं ते कळत नाही. अशा घड्याळात वेळ मोजणारा भाग सगळ्यात पक्का असतो आणि सोनेरी रंग सगळ्यात कच्चा. बहुतेक गिऱ्हाईक मात्र ‘टाइम बरोबर दाखवतं ना?’ एवढंच विचारतं आणि रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. प्रश्न विचारायचे ते रंगाबद्दल, काचेबद्दल, चेनबद्दल आणि मालाच्या खरेपणाबद्दल.

पहिलं डिजिटल घड्याळ खरोखर सोन्याचं होतं

या सोनेरी रंगामागे इतिहास आहे. अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीचं ‘पल्सर’ हे पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ एप्रिल १९७२ मध्ये विक्रीला आलं, ते १८ कॅरट सोन्यात. किंमत २,१०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दरानं सोळा हजार रुपयांच्या आसपास. भारतात तेव्हा दहा ग्रॅम सोनं साधारण दोनशे रुपयांना मिळत होतं. त्या एका घड्याळाच्या पैशात पाऊण किलोहून जास्त सोनं आलं असतं.

एवढं देऊनही पल्सरचा पडदा एरवी काळाच असे. त्यातले लाल आकडे एलईडीचे होते. ते सतत पेटते ठेवले तर सेल लगेच संपला असता, म्हणून वेळ पाहायला दर वेळी बटण दाबावं लागे. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये जेम्स बाँडच्या हातात पल्सर दिसलं आणि त्याचा दिमाख वाढला. पण तो फार टिकला नाही. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं प्लॅस्टिकचं एलईडी घड्याळ २० डॉलरला काढलं आणि पुढच्याच वर्षी किंमत १० डॉलरवर आणली.

तोवर जपानी कंपन्यांनी दुसरी वाट धरली होती. १९७३ मध्ये सेइकोनं आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅसिओनं द्रव-स्फटिक पडद्याची, म्हणजे एलसीडीची घड्याळं बाजारात आणली. या पडद्यावर आकडे अखंड दिसत राहतात आणि वीज नाममात्र लागते. कॅसिओच्या त्या पहिल्या ‘कॅसिओट्रॉन’ला कोणता महिना तीस दिवसांचा आणि कोणता एकतीसचा हेही कळत होतं.

भारतात मात्र परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. एचएमटीनं १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीनं चावीची घड्याळं बनवली आणि तीच घराघरांत होती. डिजिटल घड्याळ यायचं ते आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मुसाफिरखान्यासारख्या बाजारातून. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’ या बाँडपटाचा काही भाग उदयपूरमध्ये चित्रित झाला, त्यातही बाँडच्या हातात सेइकोचं डिजिटल घड्याळ होतं. १९९१ नंतर आयात हळूहळू खुली झाली, १९९६ मध्ये कॅसिओची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि ज्या घड्याळासाठी दुबईचा नातेवाईक लागायचा ते पावतीसकट मिळू लागलं. आज जुन्या धाटणीचं म्हणून जे विकलं जातं, ते त्याच काळाचं रूप आहे.

आतलं यंत्र: इथे फार विचार नको

कोणत्याही डिजिटल घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या खनिजाचा, चिमट्याच्या आकाराचा सूक्ष्म स्फटिक असतो. विजेच्या स्पर्शानं तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला ओळीनं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि असं निम्मं करणारी मंडलं चिपमध्ये अगदी स्वस्तात बसवता येतात. म्हणून दीड हजारांचं आणि पाच हजारांचं घड्याळ अचूकतेत जवळपास सारखंच असतं. कॅसिओच्या साध्या मॉडेलांना कंपनी महिन्याला तीस सेकंद मागेपुढे होण्याची मुभा देते. चावीचं घड्याळ एवढा फरक एका दिवसात करू शकतं. बार्शीहून कुर्डुवाडीला जाऊन मुंबईची गाडी पकडणाऱ्याला महिन्याचे तीस सेकंद काहीच नाहीत.

आता आपल्या उन्हाळ्याचा प्रश्न. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत अचूक असतो. त्याहून ऊन वाढो की थंडी, दोन्हीकडे तो मंदावतोच, आणि तापमानातला फरक दुप्पट झाला तर मंदावणं चौपट होतं. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२ अंशांवर जातो. महिनाभर घड्याळ अखंड त्याच तापमानात राहिलं, तर ते सुमारे २५ सेकंद मागे पडेल. प्रत्यक्षात रात्री पारा उतरतो, त्यामुळे पत्र्याखालच्या कपाटात पडलेलं घड्याळही महिन्याला दहाएक सेकंदांपलीकडे जाणार नाही. हातात असेल तर त्वचेची ऊब त्याला तिशीच्या आसपास ठेवते, आणि मग हा फरक नगण्य होतो.

उन्हाचा खरा त्रास पडद्याला आहे. एलसीडीत दोन ध्रुवीकारक पापुद्र्यांच्या मधे द्रव-स्फटिकाचा थर असतो. त्याचे रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि प्रकाशालाही वळवून पलीकडे पोचवतात. जिथे विजेचा दाब येतो तिथलं वळण सुटतं, प्रकाश अडतो आणि काळी रेघ दिसते. अशा सात रेघांतून एक ते नऊ आणि शून्य हे सगळे आकडे तयार होतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत घड्याळ राहिलं, तर अति उष्णतेनं रेणूंची शिस्तच मोडते आणि सगळा पडदा काळाठिक्कर पडतो. घाबरायचं कारण नाही. निवल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो, पण पुन्हापुन्हा असं झालं की कायमचा डाग राहू शकतो. पोलराइज्ड गॉगल घालून पाहिल्यावर पडदा काळा दिसला, तर तो दोष घड्याळाचा नाही. गॉगलची काचही ध्रुवीकारकच असते.

सोन्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. सोनेरी घड्याळावर सोनं असतं का? अंदाजानं हिशेब करू.

चेनच्या दोन्ही बाजू आणि केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, मिळून मुलामा द्यायचं क्षेत्रफळ साधारण ६० चौरस सेंटिमीटर धरू. जुन्या चांगल्या घड्याळांवर ‘५ मायक्रॉन’, ‘१० मायक्रॉन’ असं लिहिलेलं असे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच मायक्रॉन जाडीचा शुद्ध सोन्याचा थर चढवायचा तर सुमारे ०.५८ ग्रॅम सोनं लागेल. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं. आपण ग्रॅमला दहा हजारच धरले तरी नुसत्या मुलाम्याचं सोनं ५,८०० रुपयांचं होतं. तीन हजारांच्या घड्याळावर ते असूच शकत नाही. थर एक दशांश मायक्रॉनचा केला तर मात्र सोनं सव्वाशे रुपयांच्या आत बसतं, पण इतका पातळ थर रोजच्या घासण्यात किती टिकणार?

म्हणून स्वस्त सोनेरी घड्याळांत दोन मार्ग वापरले जातात. पहिला विद्युत मुलाम्याचा, म्हणजे आपल्या बेन्टेक्सच्या दागिन्यांचाच: खाली तांबं किंवा निकेल, वर सोन्याचा किंवा सोनेरी मिश्रधातूचा निसटता थर. दुसरा मार्ग आयन प्लेटिंगचा. ‘आयपी’ किंवा ‘पीव्हीडी’ ही अक्षरं त्याचीच. हवा काढून घेतलेल्या पेटीत टायटॅनियमची वाफ करून, नायट्रोजनच्या संगतीत, ती पोलादावर बसवतात. तयार होणारं टायटॅनियम नायट्राइड मुळातच सोन्याच्या रंगाचं असतं आणि पोलादापेक्षा कितीतरी कठीण. त्यावर सोन्याचा कणही नसला तरी चालतं. ड्रिलच्या सोनेरी टोकांवर हाच लेप असतो, यावरून त्याच्या काटकपणाची कल्पना येईल. ‘गोल्ड प्लेटेड’ ऐकायला भारी वाटतं, पण या किमतीत टिकाऊपणात ‘आयन प्लेटेड’च सरस.

यात आणखी एक खुबी असते. चेन पोलादी असली तरी केस बहुतेकदा प्लॅस्टिकचा असतो. कॅसिओच्या लोकप्रिय ए-१६८ मॉडेलच्या वर्णनात कंपनी स्वतःच केस ‘रेझिन’चा असल्याचं सांगते. त्यात फसवणूक नाही. उलट प्लॅस्टिकमुळे घड्याळ हलकं राहतं आणि किंमत आवाक्यात. पण प्लॅस्टिकवरचा धातूचा लेप कडांवर आणि कोपऱ्यांवर आधी उडतो, विशेषतः टेबलाच्या कडेला घासणाऱ्या बाजूनं. दुकानात पाहताना घड्याळ उजेडात तिरकं धरावं. चेनची सोनेरी छटा आणि केसची छटा एकच आहे का, कोपऱ्यावर लेप सलग आहे का, कड्यांच्या आतल्या बाजूलाही रंग पोचला आहे का, हे पाहत तीन ठिकाणी डोळे फिरवले की कामाचा दर्जा कळतो.

रंगाचा खरा शत्रू घाम आहे. त्यात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असतं. त्यात अत्तर, डिओ किंवा साबणाची भर पडली की पातळ थर लवकर हार मानतो. रोज संध्याकाळी कोरड्या मऊ कापडानं पुसणं हा सगळ्यात स्वस्त विमा. द्राक्षबागेत फवारणीला जाताना किंवा हळदीच्या कार्यक्रमात घड्याळ काढून ठेवलेलं बरं. मनगटाला खाज किंवा लाल चट्टा आला, तर थराखालचं निकेल उघडं पडून त्वचेला लागत असण्याची शक्यता असते. युरोपात अशा वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्यानं मर्यादा आहे, इतका हा त्रास सर्रास आढळतो. बेन्टेक्सचे कानातले ज्यांना सोसत नाहीत त्यांनी मुलाम्याच्या घड्याळापासून दूर राहावं आणि पोलादावर आयन प्लेटिंग केलेलं घ्यावं. रंग उडाल्यावर पुन्हा पॉलिश करून घेण्याचा विचार मात्र सोडावा. प्लॅस्टिकच्या केसला तो उपाय लागू होत नाही, आणि नुसती चेन चमकवली तर केस अधिकच जुना दिसतो.

चेन, काच, पाणी आणि लाइट

जुन्या धाटणीच्या घड्याळांची चेन पातळ पत्र्याच्या दुमडलेल्या कड्यांची असते. तिचं लॉक मागेपुढे सरकवता येतं, त्यामुळे कड्या काढाव्या लागत नाहीत. लॉकची छोटी पट्टी बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं उचलली की मापात बसवता येतं. ही सोय मोठी, पण तिच्याबरोबर एक चिमटाही येतो: सैल बसली तर हातावरचे केस ओढले जातात. घेण्याआधी मनगटावर चढवून हात दोनचार वेळा वळवून पाहावा.

काच बहुतेकदा ॲक्रिलिकची असते. तिच्यावर चरे लवकर पडतात, पण घड्याळ हातातून पडलं तरी ती सहसा फुटत नाही. बारीक चरे पॉलिशनं काढताही येतात.

मागे नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी आणि चार थेंब पाऊस एवढाच. विहिरीत पोहायचं असेल तर किमान ‘५० मीटर’ लिहिलेलं हवं. तो आकडाही प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो, त्यामुळे ५० मीटर खोल बुडी मारण्याचा तो परवाना नव्हे. आणि पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत.

लाइटचे दोन प्रकार आहेत. साध्या मॉडेलांत पडद्याच्या एका बाजूला छोटा एलईडी असतो. तो त्याच बाजूचे आकडे उजळवतो आणि दुसरी बाजू अंधुक राहते. दुसऱ्या प्रकारात पडद्यामागचा सगळा पापुद्राच निळसर-हिरवा उजळतो. टाइमेक्सनं १९९२ मध्ये ‘इंडिग्लो’ नावानं हा प्रकार लोकप्रिय केला. लाइट लावताना कानाशी बारीक गुणगुण ऐकू आली तर तो बिघाड नाही, विजेच्या उलटसुलट दाबानं पापुद्रा थरथरत असतो. रात्रपाळीवाल्यांनी दुसरा प्रकार निवडावा. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ आकडे दाखवणारा पडदा शोकेसमध्ये देखणा दिसतो, पण सावलीत वाचायला अवघड जातो. चाळिशी लागलेल्यांनी करड्या पार्श्वभूमीवरचे काळेच आकडे घ्यावेत.

कोणाला कोणतं

नावांचा गोंधळ मोठा असला तरी ओळखीची घड्याळं मोजकी आहेत. कॅसिओचं ए-१६८ सोनेरी रूपात सुमारे ३६ मिलिमीटर रुंद आहे, पूर्ण पडदा उजळतो आणि कंपनीच्या अंदाजानं सेल सात वर्षं चालतो. त्याहून थोडं छोटं आणि पातळ हवं तर ए-१५९, मात्र त्यात एलईडीचा लाइट. बारीक मनगटासाठी एलए-६८० सुमारे २९ मिलिमीटरचं आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल आणि तिथली वेळ पाहायची असेल, तर जगाचा नकाशा मिरवणारं ए-५०० उपयोगी. पाण्यात जाणाऱ्यांसाठी बी-६४० ला ५० मीटरची क्षमता आहे. टाइमेक्सचं टी-८० ही ३४ मिलिमीटरचं, ताणल्या जाणाऱ्या चेनचं, इंडिग्लो असलेलं चांगलं पर्यायी घड्याळ. केसही पोलादी हवा असेल तर कॅसिओच्याच ए-१००० कडे वळावं लागतं, पण ते या किमतीच्या बरंच वर जातं. हजाराच्या आत स्किमेईसारख्या चिनी कंपन्यांची सोनेरी घड्याळं मिळतात. वेळ तीही नीट दाखवतात. रंगाबद्दल मात्र अपेक्षा कमी ठेवावी.

विद्यार्थ्यासाठी घेत असाल तर दर तासाची ‘टिक्‌टिक्’ बंद करता येते का ते पाहून घ्यावं. आणि नीटसारख्या परीक्षेत मनगटी घड्याळच आत नेता येत नाही, हे आधीच सांगून ठेवावं.

खरं-खोटं, बिल आणि सेल

या मॉडेलांचे डुप्लिकेट सगळीकडे आहेत. कॅसिओच्या ए-१५८ किंवा एफ-९१ डब्ल्यू या साध्या मॉडेलांत उजवं बटण तीनेक सेकंद दाबून ठेवलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. ही युक्ती आता नकली माल बनवणाऱ्यांनाही माहीत झाली आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. मागच्या झाकणावर मॉडेलचं नाव आणि चौकटीत यंत्राचा क्रमांक कोरलेला असतो. ए-१५८ वर ५९३, नव्या ए-१६८ वर ३२९८. तो खोक्यावरच्या आणि पुस्तिकेतल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. ती चिठ्ठी नसेल, तर माल कितीही चकचकीत असला तरी सोडून द्यावा. आणि पक्कं बिल घ्यावं. वॉरंटीसाठी ते लागतंच, पण बिल मागितल्यावर दुकानदार जे उत्तर देतो त्यातूनही पुष्कळ समजतं.

सेलही आधी विचारून घ्यावा. ए-१६८ मधला सीआर२०१६ हा २० मिलिमीटर व्यासाचा, १.६ मिलिमीटर जाडीचा तीन व्होल्टचा लिथियम सेल सहज मिळतो. तो घड्याळजीकडूनच बदलावा. झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली नाही तर पाणी शिरतं. शिवाय नवा सेल घातल्यावर ‘एसी’ लिहिलेला बिंदू चिमट्यानं सेलच्या धन बाजूशी क्षणभर जोडावा लागतो. ते केलं नाही तर पडद्यावर भलतेच आकडे येतात आणि चांगलं घड्याळ बिघडल्यासारखं वाटतं.

साध्या मॉडेलांत वर्ष नोंदवायची सोय नसते, म्हणून फेब्रुवारी नेहमी अठ्ठावीस दिवसांचाच धरला जातो. २९ फेब्रुवारी २०२८ ला तारीख हातानं दुरुस्त करावी लागेल. सोनेरी घड्याळ घेताना हीच तारीख मापाला लावावी. तोवर आतलं यंत्र आणि बहुधा पहिलाच सेलही चालू असेल. रंग टिकेल की नाही, हे तुम्ही आज पोलाद घेता की प्लॅस्टिक, आयन प्लेटिंग घेता की नुसता मुलामा आणि रोज घाम पुसता की नाही, यावर ठरेल. दोन घड्याळांत पाचशे रुपयांचा फरक असेल तर तो जास्तीच्या अलार्मसाठी देऊ नये. चांगल्या लेपासाठी आणि पक्क्या बिलासाठी द्यावा.